अर्सेलच्या बंदुकीचा मेळ

अर्सेल कॉम्ब्ज गेला तेव्हा सॉरवुडच्या खोऱ्यात हळहळ पुष्कळ झाली, पण सगळीच काही त्याच्यासाठी नव्हती. "गेला, आणि बंदुकीचा मेळ कोणाला सांगून गेला नाही," असं लोक चर्चच्या तळघरात कोंबडी वाढून घेता घेता म्हणत होते. माणसं वाईट नव्हती. पण ज्याच्याकडून नेमबाजीत उभा जन्म हरत आलो त्याच्या पेटीमागून चालताना डोक्यात काय येईल, यावर कोणाचा ताबा असतो?

ठासणीची बंदूक म्हणजे सुनेसारखी. घरात आली म्हणून रुळली असं होत नाही. दारू किती, गोळी केवढी, गोळीभोवतीची चिंधी जाड की पातळ, चिंधीला हरणाची चरबी की नुसती थुंकी, हे प्रत्येक बंदूक आपापलं मागते, आणि तोंडानं सांगत नाही. झाडत राहायचं, गोळ्या कुठं लागतात ते बघायचं, एकेक गोष्ट बदलायची. जमलं की त्याला मेळ म्हणायचं. रुंद नळीची बंदूक थोडंफार चालवून घेते. अर्सेलची बारीक नळीची होती, त्याच्या आजोबांनी खारी मारायला घडवलेली, गोळी वाटाण्याएवढी. चिमूटभर दारू जास्त झाली की रुसायची, दोन बार झाले की काजळीनं तिचा घसा बसायचा. असल्या बंदुकीचा मेळ माणूस शेजाऱ्याला सांगत नाही. अर्सेलनं तर बायकोलाही सांगितला नव्हता, आणि कागदावर तो सहीपलीकडे काही लिहीत नसे.

त्याला पुरलं ते फेब्रुवारीत, टेकडीच्या धारेवर. खोऱ्यातली रीत अशी, की नेमबाज गेला तर त्याचीच बंदूक थडग्यापाशी एकदा आभाळात झाडायची. तो मान हॉबर्ट स्टिडमला मिळाला. हॉबर्ट शेजारी, बालमित्र, आणि प्रत्येक सामन्यात अर्सेलच्या मागे दुसरा. दुसऱ्या नंबरावर इतका टिकलेला माणूस आसपास दुसरा नव्हता.

रीतीचा पुढचा अर्धा भाग असा, की जो झाडतो तो धुतो. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढून घेते आणि लोखंडाला आतून खाते. त्याच संध्याकाळी नळीत कढत पाणी ओतायचं, पुसायचं, तेल लावायचं. हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हॉबर्ट बंदूक काखेत मारून निघालाच होता, तेवढ्यात व्हर्डीनं, अर्सेलच्या बायकोनं, ती त्याच्या हातातून घेतली.

"राहू दे. धुऊ नकोस," ती म्हणाली. "दोन दिवस वास राहू दे घरात."

त्या दारूचा वास नासक्या अंड्यासारखा. पण लग्न झाल्यापासून व्हर्डीच्या शनिवारांना तोच वास होता. हॉबर्टच्या जिभेवर वाक्य तयार होतं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार, की बाई, दुःख बाजूला ठेव आणि आधी पाणी तापव? तो "बरं" म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मुलगी व्हर्डीला ओहायोला घेऊन गेली. दोन दिवसांचे किती झाले याचा हिशोब कोणी ठेवला नाही; ती परत आली तेव्हा डॉगवुडच्या झाडांचा वसंतातला बहर झडून गेला होता. तोवर बंदूक निजायच्या खोलीत, दाराआड. बाकीचे समजून चालले की हॉबर्टनं धुतली असणार. आणि हॉबर्ट? किल्ली फुलांच्या कुंडीखाली असते हे त्याला माहीत होतं. विधवेच्या बंद घरात, तिच्या निजायच्या खोलीत कसं शिरायचं, एवढ्यावरच तो अडला. सभ्यपणाची किंमत कधी कधी अशी लोखंडात मोजावी लागते.

ऑगस्टमध्ये व्हर्डीनं त्याला बोलावलं. ऑक्टोबरात लॉनी फ्युगेटच्या कुरणात ओंडक्याचा सामना होता: पालथं पडायचं, नळी ओंडक्यावर टेकायची, फळीवरच्या फुलीवर दहा गोळ्या. मग प्रत्येक भोकात खुंटी घालायची आणि फुलीपासून खुंटीपर्यंतची अंतरं एकाच दोऱ्यावर एकापुढे एक मोजायची. ज्याचा दोरा आखूड, त्याला बैलाच्या मांसाचा पहिला वाटा. अर्सेलचे दोरे बोटाभोवती जेमतेम फिरत. व्हर्डीनं ते बटणांच्या डब्यात जपले होते.

"एकदा तिचा दोरा आखूड आलेला बघायचाय मला," ती म्हणाली. "मग भिंतीला टांगीन, पुन्हा मागणार नाही. मेळ तेवढा तू शोध. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही."

आपल्या छपरात जाऊन हॉबर्टनं गजाला फडकं बांधलं आणि नळीतून ओढलं. फडकं आलं ते विटेच्या रंगाचं, आणि फाटून. त्यानं उन्हाच्या कवडशाला नळी धरून आत डोळा लावला. आतले पेच, ज्यांच्यावर फिरत गोळी सरळ जाते, ते देवीच्या व्रणांसारखे खड्ड्यांनी भरलेले. तो पालथ्या बादलीवर बसला.

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे काय? की नवऱ्याची बंदूक तुझ्या एका वाक्यानं मेली. तिच्या खात्यावरचा एक मृत्यू देवानं मांडलेला होता, दुसरा हॉबर्टला आपल्या हातानं मांडावा लागणार होता. नळी कोरून रुंद करून देणारा कारागीर नदीपलीकडे होता, पण मग गोळ्या ओतायचा साचा बदलणार, गोळी बदलणार, आवाज बदलणार. व्हर्डी विचारणार, का. आणि उत्तर तिच्याच वाक्यापाशी येऊन थांबणार. तेव्हा हॉबर्टनं ठरवलं, की मेळच शोधायचा. मुडद्याला औषध द्यायचंच, तर निदान नेमानं द्यावं.

अर्सेलचं दारू मोजायचं हरणाच्या शिंगाचं माप होतं, त्यापासून सुरुवात केली. मग थोडी कमी दारू, मग थोडी जास्त. चिंधीसाठी उशीचा अभ्रा, सदऱ्याची शेपटी, चर्चच्या टेबलावरचं जुनं कापड. एकदा जाड कापड घेतलं, तर गोळी नळीत मध्येच अडकली आणि काडीसारखा बारीक गज तिच्यावर मोडला. थुंकी झाली, हरणाची चरबी झाली, मेण झालं, डुकराची चरबी झाली. बार झाला की चिंध्या पुढच्या गवतात पडतात. त्या वेचून बघितल्या की नळीच्या पोटात काय चाललंय ते कळतं. चांगल्या मेळाची चिंधी अखंड असते, नुसती मधोमध काळी. हॉबर्ट वेचायचा त्या सगळ्या खड्ड्यांवर फाटून झालर झालेल्या.

एका संध्याकाळी तीन गोळ्या अक्रोडाएवढ्या जागेत बसल्या. हॉबर्टनं चौथी तशीच भरली, तोच कापडाचा तुकडा, तीच चरबी, तोच दाब. चौथी फळीला लागलीच नाही. ती कुठं गेली ते अजून कोणाला माहीत नाही.

दर शनिवारी तो व्हर्डीच्या ओसरीवर हजेरी द्यायचा. ती कॉफी द्यायची आणि सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. खोऱ्यातल्या बायकांनी या केकचा हिशोब आपल्या पद्धतीनं मांडायला सुरुवात केली होती. हॉबर्ट विधुर, व्हर्डी विधवा, बेरीज सोपी होती. बिचाऱ्यांना काय माहीत, की तो केक त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

व्हर्डी ओसरीवरून त्याचे बार ऐकायची. एकदा म्हणाली, "अर्सेलची वाळकी काटकी मोडल्यासारखी वाजायची. तुझी गोधडी झटकल्यासारखी वाजते."

"दारू बदलून बघतोय," हॉबर्ट म्हणाला.

"बघ बाबा. माझ्या सगळ्या उश्या उघड्या झाल्यात."

लॉनी फ्युगेट एकदा मुद्दाम छपरात डोकावून गेला. अंगानं ऐसपैस, तोंडानं त्याहून. एवढे दिवस मेळ लागत नाही म्हणजे आधी नळीत बघायला नको का, असं तो दोनदा बोलून गेला. नळी आरशासारखी आहे, असं हॉबर्टनं दोन्ही वेळा सांगितलं, आणि बंदूक लॉनीच्या हाती पडू नये म्हणून तिच्यापुढे उभा राहिला.

सामन्याच्या दिवशी व्हर्डी घडीची खुर्ची घेऊन आली आणि रेषेमागे बसली. अर्सेल असताना ती कधी आली नव्हती. कुरणाच्या कडेला शेकोटी होती, तिच्यावर बंदुका धुवायच्या पाण्याची किटली. हॉबर्टनं त्यातल्या त्यात कमी वाईट मेळ निवडला होता: अर्धी दारू, मेणाचं कापड, आणि प्रत्येक बारानंतर नळी पुसायची. पालथं पडून त्यानं दहा गोळ्या झाडल्या. नेम एकदाही हलला नाही. आयुष्यात इतका चांगला नेम त्यानं कधी धरला नव्हता, आणि ते त्याच्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं.

फळीवर सात भोकं होती, रानडुकरानं जमीन उकरावी तशी पसरलेली. तीन गोळ्या फळीबाहेर गेलेल्या. त्यांना फळीच्या कडेपर्यंतचा दोरा लावायचा नियम. लॉनी दोरा सोडत सुटला.

"व्हर्डी, कपडे वाळत घालायची दोरी आणलीस का ग? हा संपला."

माणसं हसली. कोणी म्हणालं, हॉबर्टला अर्सेलनं मेळ कानात सांगितला असता तरी त्यानं दुसऱ्या कानानं सोडला असता. हॉबर्टही हसला. नेम धरला होता तितक्याच मन लावून.

गर्दी पुढच्या नेमबाजाकडे वळली तेव्हा व्हर्डी उठून ओंडक्यापाशी आली.

"हॉबर्ट, नळी गेलीय का?"

हॉबर्ट गज पुसत होता. पुसलेलाच पुन्हा पुसला. "नळीला काय धाड भरलीय? मला मेळ सापडला नाही. अर्सेलचा हात वेगळा होता."

"अर्सेल म्हणायचा, खेचर घ्यायचं तर हॉबर्टकडून घ्यावं. त्याला खोटं बोलता येत नाही."

"अर्सेल पुष्कळ काही म्हणायचा."

"हो," व्हर्डी म्हणाली. "मेळ तेवढा म्हणाला नाही."

तिनं लॉनीकडून तो दोरा मागून घेतला आणि बोटांना गुंडाळू लागली. वेळ लागला. गुंडाळी पर्समध्ये मावेना, तेव्हा कोटाच्या खिशात घातली. तोवर हॉबर्ट शेकोटीवरून किटली घेऊन आला होता. बंदूक उभी धरून त्यानं तोटी नळीच्या तोंडाला लावली, आणि व्हर्डीनं मध्ये हात घातला. वाफ हाताला लागली असणार. तिनं हात काढला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "वास राहू दे."

हॉबर्टनं तिच्याकडे बघितलं. फेब्रुवारीपासून जिभेवर धरलेलं वाक्य अजून तिथंच होतं, शब्दसुद्धा बदलला नव्हता. नेमबाजाच्या घरात म्हातारी झालेली बाई होती ती. अर्सेलसाठी दर शनिवारी पाणी तीच तापवायची. त्या वाक्यात तिला ठाऊक नाही असं काय होतं?

"बरं," तो म्हणाला.

बंदूक त्यानं तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, खाली एक जुनी गोधडी घालून. व्हर्डी काचा वर करून बसली, गाडीत उकडत असूनही, आणि खोऱ्याच्या रस्त्याला लागली.

लॉनीनं लांबून विचारलं, त्याची बंदूक धुवायला गरम पाणी काही उरलंय का. हॉबर्टनं किटली नेऊन त्याच्या हातात दिली. सगळंच उरलं होतं.