चाळीस शब्दांची खुशाली

खुशालरावांनी पाटीवरची ओळ ओल्या फडक्यानं तिसऱ्यांदा पुसली आणि पेन्सिल खाली ठेवली. समोर सून साधना मोबाइल घेऊन बसली होती. पाटीवर जमलं की ती ते मोबाइलवर उतरवून घेणार, तिथून ते तिच्या नवऱ्याच्या, कुलदीपच्या कचेरीत जाणार आणि कचेरी ते समुद्राच्या पोटात धाडणार. आठवड्याला चाळीस शब्द. वर एक चालत नाही.

बायकोला, पार्वताबाईंना जाऊन चौथा दिवस होता. अंगणातल्या कडुनिंबाला अस्थींचं मडकं टांगलेलं होतं आणि खुशालराव त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

बाई गेली ती फवारणीचं औषध कालवता कालवता. गुलाबी बोंडअळीचं ते दुसरं साल. अख्खा अचलपूर तालुका पाठीला पंप बांधून कपाशीत उतरला होता. फवारणारा गडी निदान तोंडाला फडकं तरी बांधतो. ड्रमात कोपरापर्यंत हात घालून ढवळणाऱ्या बाईकडे कोण बघतं? तीन दिवस अमरावतीच्या दवाखान्यात झुंजली आणि गेली. अळी मात्र बोंडात सुखरूप. जळो मेलं ते औषध!

आणि एकुलता एक मुलगा पाणबुडीवर. तीही साधीसुधी नव्हे, अणुबॉम्ब पोटात घेऊन फिरणारी. जाण्याआधी ओसरीवर बसून त्यानं बापाला समजावलं होतं, जेवढं सांगायची मुभा होती तेवढंच.

"दुश्मनाले माहीत पाहिजे का आमी हाओत. पन कुठं हाओत, थे कोनालेच माहीत नाही पाहिजे. दिसलो का उपयोग संपला."

खुशालरावांना ते झटक्यात पटलं. हरभऱ्याच्या राखणीला ते तरी दुसरं काय करत? माळ्यावर बसून विडीसुद्धा पेटवायची नाही. राखणदार कोणत्या धुऱ्याला, कुठल्या बांधावर आहे हे कळलं नाही, तर रानडुक्कर वावरात शिरायला भितं.

"अन् घरी काई झालं तं?" पार्वताबाईंनी आतून विचारलं होतं.

कुलदीपनं मान खाली घातली. प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेतात, म्हणाला. घरी काही वाईट झालं तर लगेच कळवायचं, की परत आल्यावर.

"मी 'परत आल्यावर' लिहून देल्लं, माय. कोनी मेलं तरी बोट काई परतत नाही. आधी कळून तिथं करीन काय?"

"बरं केलं बापा," पार्वताबाई म्हणाल्या होत्या. "उगाच जीवाले घोर नको."

आता पाटीवर कपाशी बरी होती, अळी कमी होती, लाल गाय व्याली होती आणि कालवड झाली होती. त्यातलं गायीचं तेवढं खरं.

"मामाजी, आईंचं लिहा न," साधना म्हणाली.

"काऊन?"

"नुसती गाय अन् कपाशी लिहिली तं त्यायले शंका येईन. आईंचा एक शब्द नाही म्हटल्यावर?"

खुशालराव कावरेबावरे झाले. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं बायकोचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. हाक मारायची तर 'ऐकलं काय', आणि पत्र लिहायचं तर 'घरी सर्व खुशाल'. त्यात बायको आली, बैल आले, शेजारपाजारही आला. आणि आता ती नाही, तर तिचं लिहायचं!

"हे खोटं हाय व," ते म्हणाले. "पोरगं आल्यावर काय म्हनन मले? मायच्या जिवाचं खोटं लिवलं म्हनन. थो मले माफ नाही करनार."

"त्यायनंच लिहून देल्लं होतं, मामाजी."

"कागदावर देल्लं. मायचं मरन कागदावर असते काय?"

साधनाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ती मोबाइल धरून बसूनच राहिली. शेवटी खुशालरावांनी पेन्सिल उचलली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तुझी आई बरी आहे.' साधनानं बोटानं मोजलं. चाळीसच्या आत बसत होतं.

दहाव्याला त्यांनी डोकं आणि मिशी उतरवली. अग्नी त्यांनीच दिला होता, मुलगा नव्हता ना. अस्थी मात्र नेऊ दिल्या नाहीत. भाऊकी कुरकुरली, तेव्हा म्हणाले, "त्याची माय हाय. थो आल्यावर नेईन." दर आठवड्याला साधना शहरातल्या आपल्या बिऱ्हाडातून, जठारपेठेतून फोन करायची, 'या वेळी काय लिहू?' ते कपाशीचं काहीबाही सांगायचे आणि शेवटी तेच वाक्य.

बोट लागली तेव्हा कचेरीतून साधनाला फोन आला. आम्ही सांगू का, साहेबांनी विचारलं. खुशालरावांनी निरोप धाडला, मी बाप आहे, मीच सांगीन.

कुलदीप परतवाड्याहून येणाऱ्या यष्टीतून उतरला तेव्हा ते फाट्यावर उभे होते. आई गेल्याचं सांगायला सात आठवडे घोकलेलं वाक्य त्यांनी ओठावर आणलं. कुलदीप पाया पडला, उठला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

बोटाच्या पेराएवढे केस. भरघोस मिशी होती तिथंही तसेच आखूड, नव्यानं उगवलेले. खुशालरावांचा हात आपसूक स्वतःच्या डोक्याकडे गेला. तेवढेच.

"कोनं सांगतलं तुले?"

"तुमीच, बाबा."

"मी? मी तं बरी हाय म्हनून लिवलं!"

"जलमात कधी मायचं लिवलं काय तुमी? नोकरीले लागल्यापासून इतकी पत्रं आली, 'घरी सर्व खुशाल'च्या पुढं कधी गेले नाही. 'तुझी आई बरी आहे' वाचलं अन् मी समजलो." त्यानं डोक्यावरून हात फिरवला. "सोबतच्या पोरायले म्हटलं उकडते, अन् भादरून टाकलं."

"साहेबाले नाही सांगतलं?"

"सांगून का बोट फिरते?"

खुशालरावांना भडभडून आलं. खोटं लिहिल्याची सगळी भीती कुठल्या कुठे गेली, आणि तिच्या जागी त्याहून वाईट काहीतरी येऊन बसलं.

"मंग रडला कुठं रे, लेका?"

कुलदीपनं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तिथं आवाज कराले मनाई हाय, बाबा."

दोघं चालत घरी आले. कुलदीप ओसरी चढला नाही, पाणीही प्यायला नाही. कडुनिंबाखाली बाज ओढली, वर चढला आणि दोरीची गाठ सोडून मडकं पोटाशी धरलं. मग त्यानं जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारच्या बाया धावत आल्या. तो येणार म्हणून गावी आलेली साधना फाटक लावायला उठली.

"राहू दे," खुशालराव म्हणाले. "ऐकू दे सगळ्या गावाले."