मिस्त्रीच्या दोन मुली

दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लटकून दोर आणि ब्रेक तपासणाऱ्या माणसाला आकाशपाळण्यांचं काय अप्रूप, असं कुणालाही वाटेल. पण मिस्त्रीला वर्षातली ती सुट्टी जीव की प्राण होती. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत, बायकोसुद्धा. पाळण्यांचं ते अवाढव्य उद्यान, त्याला लागून रिसॉर्ट, आणि खोलीत मुलांसाठी ठेवलेला दुमजली पलंग. वरचा मजला बायकोचा. केस कापायच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी ती बाई शिडी चढून वर गेली, की पाय हलवत हुकूम सोडायची, "मिस्त्री, चहा वर पाठव!"

याची सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. मूल व्हावं म्हणून दोघांनी कितीतरी वर्षं दवाखान्यांचे उंबरठे झिजवले होते. शेवटी एक दिवस तीच म्हणाली, "पुरे आता." मग म्हणाली, "मला कुठंतरी मोठ्यानं ओरडायचंय. का ओरडतेस असं कुणी विचारणार नाही, अशा जागी ने." मिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि तिला रोलर कोस्टरवर नेलं. खाली उतरली तेव्हा तिचा घसा बसला होता आणि ती हसत होती. तेव्हापासून दरवर्षी हेच.

यंदा त्याच रोलर कोस्टरच्या रांगेत घोळ झाला. बायको त्याच्या हनुवटीला लागलेलं आईस्क्रीम रुमालानं पुसत होती. मागे एक बाई उभी होती, दातांची डॉक्टर, आणि तिच्या हाताला लोंबकळणारी भेदरलेली मुलगी. बाई मोकळ्या स्वभावाची. तिनं सहज विचारलं, "तुमची मुलं कुठंयत?"

दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि बायको सांगायची, "आम्ही दोघंच." आताही तिनं तोंड उघडलं. पण मिस्त्रीला एकाएकी आपलं सुटलेलं पोट दिसलं, पांढरे कल्ले आठवले, अंगातला जिराफाच्या चित्राचा शर्ट आठवला. या वयात, या वेषात, पोराबाळांशिवाय इथं? त्याच्या तोंडून निघून गेलं, "पुढं गेल्यात. दोघी."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. रोलर कोस्टरची गाडी वर चढली, खाली झेपावली, आजूबाजूची माणसं किंचाळली. ती मात्र ओठ मिटून बसून राहिली.

एवढ्यावर थांबतं तरी ठीक होतं. पण जेवताना डॉक्टरीण शेजारच्याच टेबलावर आली. "मुली अजून फिरतायत?"

"त्यांना कुठली भूक!" मिस्त्री म्हणाला. "थोरली बारा वर्षांची. अभ्यासात हुशार, पण हट्टी. धाकटी आईवर गेलीय, सारखी बडबड."

खोटं बोलायला जीभ अडखळेल असं त्याला वाटलं होतं. ती अडखळली नाही. उलट त्या दोघींबद्दल आणखी सांगावंसं वाटत होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. बायको ताटावरून उठली. "हात धुऊन येते," म्हणाली, ती परत आलीच नाही.

तो खोलीवर गेला तेव्हा ती खालच्या पलंगावर बसली होती, पायांत बूट तसेच.

"अगं, तोंडातून गेलं..."

"एकदा गेलं असतं तर गेलं म्हटलं असतं. जेवताना काय होतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "मूल नाही याचं तुला वाईट वाटतं, ते मला माहीत आहे. मलाही वाटतं. पण इथं माझ्याबरोबर असण्याची तुला लाज वाटते, हे आज कळलं."

"तुझी नाही. मला माझीच..."

"मग मला न विचारता माझ्या पोटी दोन मुली कशाला घातल्यास?"

तेवढ्यात दार वाजलं. त्यानंच उघडलं. डॉक्टरणीची मुलगी होती, मागे तिची आई. मुलीच्या हातात सोनेरी कागदाचे दोन मुकुट होते. "खेळाच्या खोलीत केले. तुमच्या ताईंसाठी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. झोपल्यात म्हणावं, बाहेर गेल्यात म्हणावं. दोन्ही उत्तरं जिभेवर तयार होती. मागे बायको त्याच्यासाठी काही बोलणार नाही, हेही त्याला कळत होतं.

"बाळा, मला मुली नाहीत," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

मुलीनं विचारलं, "मोठी माणसं उगीचच खोटं बोलतात?"

"अगं, चल," म्हणत आईनं तिला खांद्याला धरून वळवलं. जाताना डॉक्टरणीनं मिस्त्रीकडे पाहिलं, ते रागानं नाही, कीव येऊन. ती कीव चुकवायलाच तर त्यानं हा सगळा उपद्व्याप केला होता.

सकाळी न्याहारीच्या खोलीत तो हातातला चहा तसाच ठेवून डॉक्टरणीच्या टेबलापाशी गेला. "तुमच्या मुलीसमोर मी असं वागायला नको होतं. माफ करा."

बाई गडबडली. मग म्हणाली, "खरं सांगू? रांगेत तुम्ही दोघं इतके मजेत होतात, की मला नवलच वाटत होतं, मुलं बरोबर असून यांना हे जमतं तरी कसं!" आणि हसली. मिस्त्रीलाही हसावं लागलं, पण कानशिलं तापलेलीच राहिली. तिला ज्या मजेचा हेवा वाटला होता, तीच यानं खोट्यानं झाकून टाकली होती.

तो परत आला. बायकोनं सगळं ऐकलं होतं. ती पावाला लोणी लावत राहिली.

"अजून रागावलेलीच आहेस?"

"आहे थोडी." तिनं सुरी खाली ठेवली. "पाण्याच्या घसरगुंडीला आत्ता गर्दी नसेल. यायचं तर ये. पण पुढं मी बसणार."

ती उठली आणि तो तिच्या मागून चालू लागला.