पहिला टाका फिलोमीनाचा

खेकड्यांच्या कारखान्यातून फिलोमीना घरी आली तेव्हा बोटांची पेरं टम्म सुजली होती. साठी ओलांडल्यावर आठ-आठ तास बर्फातल्या खेकड्यांचे पाय फोडायचे म्हणजे काय चेष्टा आहे! पण कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत मासळीशिवाय दुसरं काम तरी कुठलं? तिने चहाला किटली ठेवली आणि बूट न काढताच खुर्चीत अंग टाकलं.

तेवढ्यात शेजारची जेराल्डीन आलीच. दार वाजवायची त्या खाडीत पद्धतच नव्हती. असती तरी जेराल्डीनने ती पाळली नसती.

"काय गं फिले, घातलास का टाका?"

"नाही."

"अगं, तुझ्या पोरीला आठवा लागला! आम्ही सगळ्या हातावर हात धरून बसलोय. मी टोपडं विणायचं कधी, अन् नोरीनने मोजे विणायचे कधी? नागडं ठेवायचंय का लेकरू?"

जेराल्डीनचं काही चुकत नव्हतं. तिथे रीतच तशी होती. कुणाकडे बाळ यायचं असलं की टोपडं, मोजे, झबलं, एकेकीचं काम ठरलेलं. पण आधी दुपट्याचा पहिला टाका पडायचा, मगच बाकीच्यांनी सुया हातात घ्यायच्या. उतावळेपणा केला तर बाळाला बाधतं म्हणत. आणि दुपटं फिलोमीनाचं. सासूकडून तिच्याकडे आलेलं काम ते. चाळीस वर्षांत खाडीतलं एक मूल तिच्या दुपट्यावाचून राहिलं नव्हतं.

आणि आता तिची स्वतःची लेक ट्रीना, नवऱ्याच्या नोकरीपायी पार पश्चिमेला अल्बर्टात जाऊन राहिलेली. दोनदा तिला दिवस गेले, दोनदा पोट पडलं. दोन्ही वेळा दुपटं अर्धं विणून झालं होतं, आणि दोन्ही वेळा फिलोमीनाने ते एकटीने बसून उसवलं होतं. तिसऱ्या खेपेला ट्रीनाने फोनवरच बजावलं, "आई, या वेळी एक टाकासुद्धा घालायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

"बरं बाई," फिलोमीना म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. हे मात्र ती कुणाला बोलली नव्हती, अगदी चर्चमध्ये पाद्रीबाबांनासुद्धा.

फोन वाजला. ट्रीनाच होती.

"आई, झालं."

फिलोमीनाने फोन दोन्ही हातांनी धरला. "काय झालं?"

"मुलगी. आज सकाळी. साडेतीन पौंडांची आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. पण श्वास स्वतःचा स्वतः घेतेय. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही."

"देवा रे!" फिलोमीना म्हणाली. फोनजवळ कान आणून उभी असलेली जेराल्डीन तोंडावर हात धरून रडायलाच लागली.

"आई, पार्सल कधी टाकतेस?"

"कसलं पार्सल?"

"चल, काहीतरीच! दुपट्याचं. आत्ता नर्सने तिला टोपी घातलीय, कुठल्या कोण्या बाईने विणलेली."

"अगं, तू शपथ घातली होतीस ना?"

 ट्रीनाचा आवाज चढला. "आणि तू कधी ऐकलंयस माझं? लग्नाला निळा झगा नको म्हटलं, निळाच घालून आलीस. मूस हरणाचं मांस आणू नकोस म्हटलं, तर बॅग भरून बरण्या आणल्यास! जन्मात माझा एक शब्द ऐकला नाहीस, आणि नेमकं हेच ऐकलंस? मला रोज वाटायचं, मी नको म्हटलं तरी तिकडे आई विणतच असणार. त्या भरवशावर दिवस काढले गं मी."

'झालंय, उद्याच टाकते', एवढं म्हणणं किती सोपं होतं. जेराल्डीन हातवारे करून तेच सुचवत होती.

"मी थकले होते, ट्रीना," फिलोमीना म्हणाली. "तू नको म्हणालीस आणि मला बरंच वाटलं. हात ठणकतात माझे. आणि तिसरं दुपटं उसवायचं बळ नव्हतं गं माझ्यात."

ट्रीना रडली, बराच वेळ. मग तिने नाक पुसलं. "मीही दमलेय आई. दोन रात्री कळांत गेल्या. आता डोळे मिटले की वाटतं, पेटीतली ती श्वास घ्यायची थांबेल."

फिलोमीना उठली. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, खणातून सुया आणि पांढरी लोकर काढली. बोटं वाकेनात. पहिला टाका निसटला, दुसऱ्यांदाही निसटला. तिने दात-ओठ खाऊन तो तिसऱ्यांदा घातला.

"पडला गं बायांनो, पडला!" जेराल्डीन ओरडत सुटली ती दार सताड उघडं टाकूनच.

"एका ओळीत किती टाके असतात?" ट्रीनाने विचारलं.

"तीनशे वीस."

"मोठ्याने मोज. फोन ठेवू नकोस."

फिलोमीना मोजायला लागली. चाळीसपर्यंत ट्रीना मध्ये मध्ये हुंकार देत होती, साठाला तोही थांबला. सत्तराच्या पुढे फोनमधून नुसतं संथ घोरणं ऐकू यायला लागलं. किटलीतलं पाणी आटून गेलं होतं, हात खांद्यापर्यंत ठणकत होता. फिलोमीनाने आवाज थोडा खाली आणला आणि एक्क्याऐंशी म्हटलं.