चौथ्या तारेतला दुसरा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. साध्या गिटारला सहा तारा असतात, मला चारच. पण त्या चांगल्या जाडजूड आहेत. माझा आवाज कानाआधी छातीला कळतो. मी वाजत असते तेव्हा माझ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मी थांबले की मात्र सगळ्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे दिवसभर लाकडाचा भुसा उडायचा आणि सरसाचा वास यायचा. माझ्या तारांखाली एक काळी पट्टी आहे, तिला पिकअप म्हणतात. तिच्या पोटात चुंबक आहे आणि केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. ते वेटोळं एका बाईने गुंडाळलं होतं. काम करताना ती श्वास रोखून धरायची, तार तुटू नये म्हणून. माझी तार थरथरली की पिकअप ती थरथर पकडतो आणि स्पीकरकडे पाठवतो. प्रत्येक तारेखाली एकेक स्क्रू आहे. तो वर आणला की त्या तारेचा आवाज वाढतो, खाली नेला की कमी होतो.

मला ज्यांनी घेतलं ते एका हॉटेलच्या हॉलमध्ये वाजवत. आठवड्यातून तीन संध्याकाळी तिथे नाच असायचा. ते वाजवताना जागचे हलत नसत, म्हणून बँडमधले सगळे त्यांना ‘खांब’ म्हणत. ओठ मिटून ते माझ्याबरोबर हळूच गुणगुणायचे. ते फक्त मला ऐकू यायचं आणि घरी सराव करताना त्यांच्या बायकोला.

एकदा गाण्याच्या मध्येच त्यांना शिंक आली. दोन मात्रा चुकल्या आणि फरशीवरच्या सगळ्या जोड्या अडखळल्या. तेव्हा ड्रम वाजवणारा त्यांचा मित्र हसून म्हणाला, “बघ खांबा, तू शिंकलास आणि छप्पर खाली आलं!” इतकं मोठं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

अशी बावीस वर्षं गेली. मग एका दुपारी ते जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला पेटीत ठेवलं गेलं. झाकण बंद झालं. तीन वर्षं मी अंधारात पडून होते. ओल धरली, तारांवर गंज चढला. बाहेर भांडी वाजायची, दार उघडायचं, कुणी खोकायचं. माझं नाव कुणी घेत नसे.

तीन वर्षांनी झाकण उघडलं ते त्यांच्या लेकीने. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. तिचे हात बारीक कामाला सरावलेले आहेत. वाजवायला तिला वडिलांनीच शिकवलं होतं. तो हॉल आता बंद होणार होता. शेवटच्या कार्यक्रमाला वडिलांच्या जागी तू उभी राहा, असा त्या जुन्या ड्रमवाल्या काकांनी तिला निरोप पाठवला होता.

तिने मला पुसलं, स्पीकरला जोडलं आणि चौथी तार छेडली. ती सगळ्यांत जाड.

मित्रांनो, त्या आवाजाने मीसुद्धा दचकले. तो फार मोठा होता. शिवाय तो एकटा नव्हता. त्याच्या पोटात आणखी एक आवाज होता, किंचित डळमळणारा, ओठ मिटून कुणी गुणगुणावं तसा.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अहो, चहा टाकलाय हं.”

लेक दारापर्यंत गेली. ओट्यावर तीन कप मांडलेले होते. आईने त्यातला एक उचलून परत फळीवर ठेवला.

“सवय गं,” ती म्हणाली. “ऐकू आलं आणि हात गेला.”

लेकीला वाटलं, तारा जुन्या आहेत. तिने नव्या आणून चढवल्या. चौथी तशीच गरजली. पहिली आणि दुसरी मात्र शेजारच्या खोलीतून बोलल्यासारख्या ऐकू येत होत्या. तिने वायर बदलली. स्पीकर कोपऱ्यातून ओढून खोलीच्या मधोमध आणला, कारण कोपऱ्यात जाड आवाज घुमतो. आपल्याच बोटांचा जोर कमीजास्त पडतोय का, तेही मोजूनमापून पाहिलं. फरक पडला नाही. आणि दर वेळी त्या चौथ्या तारेत ते दुसरं कुणीतरी असायचंच.

सरावाच्या दिवशी काकांनी डोळे मिटून ठेका धरला. दोन मिनिटांत ते वैतागून म्हणाले, “अगं, तुझी ती जाडी तार बाकीच्या तिघींना गिळून टाकतेय. आणि हे मागे कोण गुणगुणतंय?”

“कुणी नाही, काका.”

त्यांनी डोळे उघडले आणि हॉलभर पाहिलं. मग काठ्या खाली ठेवल्या. “उद्या दुरुस्तीवाल्याकडे ने हिला,” ते हळूच म्हणाले.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवर गिटारच्या माना टांगलेल्या, टेबलावर पोटं उघडी पडलेली. त्याने मला मऊ कापडावर आडवं केलं, कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि स्टीलच्या पट्टीने तारा आणि पिकअप यांच्यातलं अंतर मोजलं. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं.

“ताई, हिच्यात बिघाड नाही.”

“मग?”

“चौथीचा स्क्रू इतका वर आणलाय की चुंबक तारेलाच ओढतंय. ओढलेली तार सरळ थरथरत नाही, म्हणून एका तारेतून दोन सूर येतात. ते तुमचं गुणगुणणं.” त्याने भिंग वर सरकवलं. “पण हे आपोआप होत नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय, तेही एकदम नाही. स्क्रूच्या डोक्यावर किती ओरखडे आहेत बघा. पाव पाव फेरा, पुन्हा पुन्हा. जाड तार छेडायला ताकद लागते. ज्याच्या बोटांत ती उरत नाही, तो असं करतो. तुमच्या वडिलांच्या उजव्या हाताला काही झालं होतं का?”

“छे. काही नव्हतं,” लेक म्हणाली. मग तिला आठवलं. शेवटच्या वर्षी बाबा डाव्या हाताने कप धरू लागले होते. बुटांच्या नाड्या सोडून त्यांनी चपला घेतल्या होत्या.

मला सगळं माहीत होतं. बायको भाजीला गेली की ते मला मांडीवर घ्यायचे आणि तो स्क्रू पिळायचे. दोन बोटं बधिर होत चालली होती. तार छेडायचे, कान द्यायचे, पुन्हा पाव फेरा. कार्यक्रमात कुणालाच कळलं नाही. त्यांच्या दुबळ्या बोटांखाली चौथी तार बाकीच्यांइतकीच वाजायची. मी ओरडून सांगितलं असतं. पण छेडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

“सारखं करून देऊ का?” दुरुस्तीवाल्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

“नको,” लेक घाईने म्हणाली आणि तिने मला छातीशी धरलं.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “वर्षभर त्यांच्या शर्टाची बटणं मीच लावत होते. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. दोघंही आपापल्या परीने दुसऱ्याला जपत होतो.”

“मग हे असंच राहू दे ना, आई. त्यांचा हात आहे त्यात. त्यांचा आवाज आहे.”

आईने ताट बाजूला सारलं. “नाही गं. तो त्यांचा आवाज नाही, तो त्यांचा त्रास आहे. किती दिवस वाजवत ठेवायचा? सोडव त्यांना.”

लेकीने चष्म्याचे स्क्रू पिळायचा आपला बारीक पेचकस काढला. पाव फेरा खाली, तार छेडून पाहिली. पुन्हा पाव फेरा. दर वेळी चौथी थोडी शांत होत गेली आणि ते गुणगुणणं थोडं लांब गेलं, जणू कुणी बोलत बोलत जिना उतरत होतं. आईने माझ्या लाकडावर तळहात टेकवला होता. सातव्या वेळी तो दुसरा आवाज थांबला. चारही तारा सारख्या वाजल्या. आई उठून आत गेली आणि तिने नळ मोठा सोडला.

शेवटच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. आई पहिल्या रांगेत होती. माझा आवाज इतका समतोल कधीच लागला नव्हता. तिसऱ्या गाण्यात काका डोळे मिटूनच म्हणाले, “सावकाश, खांबा.” आपण काय बोललो हे कळताच त्यांचा चेहरा उतरला, पण ठेका सुटला नाही.

त्याच गाण्यात एके ठिकाणी सगळी वाद्यं चार मात्रा थांबतात. लेकीने तळहाताने माझ्या तारा दाबून धरल्या. तिचा दुसरा हात माझ्या मानेवर होता. आणि मित्रांनो, त्या शांततेत माझ्या चौथ्या तारेवर आणखी दोन बोटं टेकली. ती थंड होती. पण बधिर नव्हती. त्यांनी तार छेडली, पूर्वीसारखी, भरपूर ताकदीने, आणि स्पीकरमधून काहीही आलं नाही. फक्त पहिल्या रांगेत आईने मान वर केली.

चुंबक आता तारेपासून लांब आहे. तार त्याने ओढली असणं शक्य नाही. मला याहून जास्त माहीत नाही.

सध्या मी लेकीच्या खोलीत उघड्यावर असते. ती रोज माझ्या तारा पुसते. माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. वाद्य पेटीत कोंडून ठेवू नका. त्याचा आवाज बदलला तर तारा बघा, वायर बघा, स्क्रू बघा. पण जो ते वाजवतो त्याचा हातही एकदा आपल्या हातात घेऊन बघा. “दुखतंय का?” एवढंच विचारा. तो नाही म्हणेल. तरी हात लगेच सोडू नका.