सभागृहाबाहेरचा बाक

हो, बाकच बोलतोय मी, आणि चिडून बोलतोय. एरवी माझ्यावर बसून लोक बोलतात आणि मी मुकाट ऐकतो. आज तुम्ही ऐका.

मला घडवलं फिफी सुतारानं. घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या एसुआनो गावात तेव्हा परिषदेला नवे आचारनियम आले होते. त्यातला एक असा: ज्या कामात सभासदाच्या नात्यागोत्यातल्या कुणाचा फायदा असेल, ते काम सभेपुढे आलं की त्यानं तसं सांगायचं, उठायचं आणि बाहेर जायचं. मग बाहेर बसायला काहीतरी हवं ना? म्हणून मी. रंधा मारताना फिफी बायकोला सांगायचा, "अगं, हा साधासुधा बाक नाही, प्रामाणिक माणसांचा बाक आहे!" मला केवढा अभिमान वाटला होता. खुळाच मी.

पहिली काही वर्षं माझ्यावर एकही सभासद बसला नाही. एवढ्या मोठ्या परिषदेत एकाचाही भाचा, साडू, मेहुणा कधी कुठल्या कामात नव्हता म्हणे! मग वरून तपासणी आली, सगळ्यांची तंतरली आणि एकेक जण उठून बाहेर यायला लागला. मला वाटलं, आले एकदाचे ताळ्यावर. कसले येतायत!

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारचीच गोष्ट. मंगळवारी आमच्याकडे होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून मासेवाल्या बायकांची कामं सभा त्याच दिवशी घेते. नव्या बाजारात मासे धुरावर सुकवायला छपराची एकच जागा उरली होती. अराबा सकाळपासून माझ्यावर बसून होती. गेल्या पावसात तिच्या टोपल्याच्या टोपल्या सडल्या. आणखी एक पावसाळा उघड्यावर काढायचा म्हणजे धंदाच बसला. यादीत तिचं नाव पहिलं होतं. दुसरं होतं सभासद एबो अंकोमाच्या मेहुणीचं.

एबो नियमाप्रमाणे उठला, बाहेर आला आणि अराबाशेजारी ऐसपैस बसला.

"काय मावशी, बरं आहे ना?"

"बरंय की. तुम्ही बाहेर कसे?"

"नियम, मावशी! आमच्या मेहुणीचं नाव आहे ना यादीत. आत बसलो तर लोक नावं ठेवतील."

"देव भलं करो तुमचं," अराबा म्हणाली आणि आपल्या केंकीतला, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या पिठाचा, अर्धा गोळा तिनं त्याच्या हातावर ठेवला. मेल्यानं तो खाल्लासुद्धा!

माझ्या वरच खिडकी आहे, कायम उघडी. आत अध्यक्षांनी अराबाचं नाव पुकारलं. एबो खोकला. दोनदा, कोरडंच. आतून आवाज आला, "कुणाचाच हात वर नाही? बरं, पुढचं नाव." मेहुणीचं नाव आलं आणि हा अगदी चिडीचूप. "मंजूर!"

अराबा ताडकन उठली. "अरे, चाळीस वर्षं धुरात काढली मी! खरा खोकला कुठला नि खोटा कुठला, ते मला कळत नाही होय?" मग खिडकीला तोंड लावून ओरडली, "अहो आतले! तुमचा माणूस बाहेर बसून मत देतोय, लाजा वाटतात का?"

आतून उत्तर आलं, "बाई, सभा चालू आहे. आवाज नको."

इतिवृत्तात काय लिहिलं ठाऊक आहे? 'निर्णयाच्या वेळी सभासद अंकोमा बाहेर बाकावर बसले होते.' अराबानं वर तक्रार केली, तर तिथल्या साहेबानं तेवढं एक वाक्य वाचलं आणि कागद परत दिले. "बाकावर होते ना? मग नियम पाळला की."

म्हणजे साक्षीदार मी! माझ्या नावावर चोरी पचवली त्यांनी. अंगाचा नुसता तिळपापड होतो. पाय असते तर त्या साहेबासमोर जाऊन उभा राहिलो असतो. आता एवढंच मागतो, उपटा मला इथून. फोडा, जाळा, पण तुमच्या कागदावर माझं नाव घालू नका.

काल अराबा परिषदेकडे राहिलेले आपल्या मूळ अर्जाचे कागद न्यायला आली होती. दुपारपर्यंत ताटकळली, पाय सुजले होते बिचारीचे. शिपाई म्हणाला, "बस ना ताई, बाक रिकामाच आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "त्याच्यावर? नको. मी उभीच बरी."