रिकाम्या पोटाची तबकडी

मी व्हिडिओ गेमची एक तबकडी आहे. एरवी निळ्या डबीत, कपाटाच्या तिसऱ्या फळीवर माझे वास्तव्य असते. आज मात्र मी यंत्राच्या पोटात गरगर फिरते आहे. या घरातल्या कुणाला माझे ऐकू येत नाही, म्हणून तुम्हांला सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पाठीवर उंच पुलाचे देखणे चित्र छापले गेले. पोटात मात्र खेळ भरलाच नाही. भरली ती केवळ एक किल्ली. खेळ होता कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर. मी किल्ली दाखवायची, यंत्राने तिकडे विचारायचे आणि होकार आला तरच खेळ घरात उतरायचा. डबीच्या मागे हे सारे लिहिले होते. मुंगीएवढ्या अक्षरांत, पण लिहिले होते.

मला विकत घेतले ते एका दप्तरखान्यात नोकरी करणाऱ्या बाईंनी. घरात त्यांना ताई म्हणत. जुन्या नोंदवह्या शिवणे, त्यांना क्रमांक घालणे, वाळवी लागू न देणे हे त्यांचे काम. त्याच शिस्तीने त्या जुने व्हिडिओ गेम जमवीत.

"दप्तरखाना अपुरा पडला म्हणून घरी शाखा काढलीस का, ताई?" धाकटा भाऊ चिडवी. "आता सगळं घरबसल्या डाउनलोड होतं."

"आणि उद्या गुपचूप काढून घेतलं, की बस बोंबलत! हातात आहे ते आपलं."

त्यांनी मला दोनशे चौदावा क्रमांक दिला आणि त्याची चिठ्ठी डबीच्या मागे चिकटवली. नेमकी त्या बारीक अक्षरांवर. चिठ्ठी तसूभरही तिरकी नव्हती.

शेजारच्या जुन्या तबकड्यांच्या पोटात अख्खे खेळ आहेत. त्यांच्या रांगेत उभे राहताना मला चोरट्यासारखे होई.

ताईंचे वडील पुलांचे आराखडे काढणारे निवृत्त नकाशाकार. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला आणि पेन्सिल सुटली. कुणाशी बोलेनासे झाले. तेव्हा ताईंनी मला यंत्रात घातले आणि कंट्रोलर त्यांच्या डाव्या हातात दिला. माझ्या खेळात दऱ्यांवर पूल बांधायचे असतात. पहिल्या दिवशी त्यांचे तीन पूल कोसळले. चौथ्या दिवशी ते सुनावू लागले, "या गाढवांना खांबाचा पाया किती खोल घ्यावा हेही कळत नाही!" ताई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसल्या. कित्येक महिन्यांनी बाबा कुणाला तरी गाढव म्हणाले होते.

दोन वर्षे ते एकच पूल बांधत होते. अकरा खांब उभे राहिले. मधली कमान तेवढी उरली. मग हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना रुग्णालयात जावे लागले. जाताना म्हणाले, "सोमवारी आलो की कमान बसवतो. कुणी हात लावायचा नाही."

त्याच आठवड्यात पडद्यावर सूचना आली: महिनाअखेर कंपनीची सेवा कायमची बंद होईल. ताईंनी चष्मा सावरून ती वाचली. "हे डाउनलोडवाल्यांसाठी आहे," म्हणाल्या आणि सूचना मिटवली.

चारच दिवसांत महिना सरला. तरीही खेळ यंत्रात उतरलेला होता, तो चालतच राहिला असता. पण यंत्र भरून गेल्याने अडखळत होते आणि बाबा येण्यापूर्वी ते लख्ख करावे असे ताईंच्या मनाने घेतले. त्यांनी पूल दोन पेन ड्राइव्हवर उतरवला आणि दोन्हींवर तारीख घातली.

"सगळं पुसतेस? नीट बघ हं," भाऊ म्हणाला.

"अरे, पूल काढून ठेवलाय आणि मूळ गेम ही बघ!" त्यांनी मला उजेडात धरले. माझ्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, दुसरे काही दिसण्याजोगे नव्हतेच. दुसऱ्या हाताने त्यांनी कळ दाबली.

आज सोमवार. बाबा खुर्चीत बसले आहेत. टाके दुखतात म्हणून पाठीला उशी आहे, पण डावा हात आतापासूनच पुढे झाला आहे. मी किल्ली दाखवली. यंत्राने विचारले. पलीकडे कुणी नव्हते. पडद्यावर एकच ओळ आली: पुन्हा प्रयत्न करा.

ताईंनी मला बाहेर काढले, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसले, पुन्हा आत सारले. पुन्हा तीच ओळ. आता तिसरी खेप.

वाचकहो, तुमच्या कपाटात माझ्या बहिणी असतील, तर डबीवरची चिठ्ठी उचकटून पाहा. काही पुसण्याआधी पाहा. आम्ही खोटे बोललो नाही; आम्हांला कुणी विचारलेच नाही.

"काय ग, ओरखडा पडलाय का?" बाबा विचारतात.

"थोडासा, बाबा. पुसते."

"पूल आहे ना पण?"

"आहे, बाबा. अगदी आहे तस्सा."

त्या मला पुन्हा बाहेर काढतात, खिडकीपाशी नेऊन तिरपी धरतात आणि ओरखडा शोधतात. माझ्यावर एकही ओरखडा नाही. हे त्यांनाही दिसते आहे. तरी त्या फडके फिरवत राहतात आणि मागून बाबा म्हणत आहेत, "घाई नाही ग. सावकाश होऊ दे. मी बसलोय."