त्या शनिवारी मी वाजलो नाही

मी एक सिंथेसायझर बोलतोय. मात्र त्या शनिवारी टीव्हीच्या स्टुडिओत माझ्या अंगात वीज होती की नव्हती, हे मला खात्रीने आठवत नाही. दिवे फार तापले होते, आणि ऊब कुठली नि वीज कुठली यात आम्हा यंत्रांची गल्लत होते. निदान माझी तरी होत असावी.

माझा जन्म कारखान्यातला नाही. शेफील्डला, एडना हॉबसन बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्यांच्या मुलाने, क्लिफर्डने सुटे भाग मागवून मला जोडलं. अठरा आठवडे लागले. "आता जेवायचं कुठे रे? मांडीवर?" असं बाई ओरडायच्या आणि चहाचा कप माझ्याच पाठीवर टेकवायच्या. एक डाग अजून आहे. क्लिफर्ड मला घेऊन निघाला, की त्या माझी वायर गुंडाळून लाल लोकरीने बांधून द्यायच्या. तशी दुहेरी गाठ दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

गायक नायजेल स्टॅनिफोर्थ आणि क्लिफर्ड यांचा 'ग्लास ट्रॅम' नावाचा बँड होता. त्यांच्या गाजलेल्या गाण्याची चाल क्लिफर्डने माझ्यावरच बांधली. मग त्याचा व्हिडिओ करायचं ठरलं. स्कारबरोच्या किनाऱ्यावर दिग्दर्शकाने क्लिफर्डचे विरळ केस पाहिले, आणि एका उंच मॉडेलला कातडी हातमोजे घालून माझ्यापुढे उभं केलं. क्लिफर्ड कॅमेऱ्यामागे, धुराच्या यंत्रावर छत्री धरून. तसले जाड हातमोजे घालून मला कुणी धड वाजवू शकत नाही. पण सगळ्या देशाने ते पाहिलं आणि खरं मानलं.

त्यानंतर, त्या शनिवारी, टीव्हीवरची मुलाखत. तिथे टीव्हीवर कुणी खरं वाजवत नसे. रेकॉर्ड लावायची आणि बँडने नुसते हात हलवायचे. म्हणून वाद्यं कुणी विजेला जोडतच नसे.

मुलाखत घेणाऱ्या लॉरेन बाईंनी विचारलं, "व्हिडिओ नसता, तर हे गाणं चाललं असतं?"

"अहो, गाणं आता डोळ्यांनीच ऐकतात," नायजेल म्हणाला.

बाई क्लिफर्डकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही काही व्हिडिओत दिसला नाहीत."

"मी वाजवतो. ती चाल माझी आहे."

"अय्या! मग ते हातमोजेवाले?"

"त्यांना वाजवता येत नाही."

हे तो जाहीरपणे पहिल्यांदाच बोलत होता. 

"मग दाखवा ना वाजवून!"

त्याने डावीकडून सातवी पट्टी दाबली. चाल तिथूनच सुरू होते. मी गप्प. त्याने पुन्हा दाबली. मी गप्पच.

"आज शनिवार ना, सुट्टी घेतली असेल त्याने," नायजेल म्हणाला, आणि सगळा स्टुडिओ हसला.

घरी आल्यावर क्लिफर्ड आईला एवढंच म्हणाला, "माझंच सोल्डरिंग कच्चं होतं." पुन्हा विजेला लावून पाहायचं त्याला धैर्य झालं नाही. तसं म्हणावं, तर मलाही नव्हतं. त्याने बँड सोडला, पोस्टात नोकरी धरली आणि मला माळ्यावर ठेवलं. तिथे सव्वीस वर्षं मी मनातल्या मनात माझा एकेक सांधा तपासत राहिलो. दोष माझा असेल, तर एका खऱ्या माणसाला मी सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं.

मग एका रविवारी एडना बाईंना कपाटात एक कॅसेट सापडली. तो कार्यक्रम त्यांनी तेव्हा टेप करून ठेवला होता. वय चौऱ्याऐंशी, पण आवाज तोच. "त्यालाही खाली आण. त्याचाच कार्यक्रम आहे."

"आई, नको ना गं."

"आण म्हणते ना!"

मी टेबलावर, माझ्या जुन्या जागी. पडद्यावर लोक हसले आणि क्लिफर्डने मान फिरवली.

"थांबव," बाई म्हणाल्या. "मागे घे जरा. त्याच्या पाठीकडे बघ."

कॅमेरा क्षणभर माझ्या मागून गेला होता. पाठीवर वायरचं वेटोळं लटकत होतं, आणि त्यावर लाल लोकरीची दुहेरी गाठ.

"गाठ माझीच आहे," बाई म्हणाल्या. "गाढवा, तू सोडलीच नव्हतीस!"

 मग क्लिफर्डने गाठ सोडली, वायर भिंतीत लावली आणि एकेक करून माझ्या सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. सदतीसपैकी दोन मुक्या निघाल्या.

डावीकडून सातवी त्यांत नव्हती.